घर सुटते आहे, दोन कुत्र्यांचे काय करावे?

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल करणारे) असलेल्या एका गृहस्थांचे काम कारखाना बंद पडल्यामुळे गेले आहे. विजापूर रोडवरचे अंगण असलेले भाड्याचे घर मालकांनी विकले, ते एप्रिलअखेर रिकामे करून द्यायचे आहे, आणि पती, पत्नी व अकरा वर्षांची मुलगी पूर्व भागात सासूबाईंच्या पत्र्याच्या खोलीत राहायला जाणार आहेत. सासूबाई घरीच विड्या वळतात. सोबत दोन कुत्री आहेत : नऊ वर्षांचा गावठी मोती आणि तीन वर्षांची, नसबंदी न झालेली लॅब्रॅडॉर ब्राउनी. मेहुण्यांचे म्हणणे असे, की मोती गावठी आहे, त्याला सिद्धेश्वर वनविहाराच्या बाजूला सोडून द्यावे, तो कुठेही जगेल. ब्राउनी पैसे मोजून आणलेली आहे, तिला ठेवावे. पत्राच्या शेवटी या गृहस्थांनी विचारले आहे, की अशा दिवसांत दोघांनाही धरून ठेवणे हा आपला स्वार्थ तर नाही ना.

मी सोलापुरात २६ वर्षे कुत्र्यामांजरांवर उपचार करीत आलो आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न दरवर्षी निरनिराळ्या चेहऱ्यांनी माझ्या टेबलासमोर येऊन बसतो. कुणाची नोकरी जाते, कुणाचे भावाभावांत वाटे होतात, कुणाचे घर पुनर्बांधणीसाठी पाडले जाते. आडवळणाने उत्तर देण्यापेक्षा माझे मत आधीच सांगतो : ते तुमच्या मेहुण्यांच्या नेमके उलट आहे. मोतीला ठेवा, आणि ब्राउनीसाठी दुसऱ्या घराची सोय आजपासून पाहायला लागा. तुमचे पत्र फेब्रुवारीतले आहे, म्हणजे हाताशी दहा आठवडे आहेत, आणि या प्रश्नात वेळेइतकी मौल्यवान वस्तू दुसरी नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक टेंपो दारात उभा राहिल्यावर येतात, आणि तेव्हा सुचवण्यासारखे माझ्यापाशी फारसे काही उरलेले नसते.

पहिला गैरसमज जागेचा आहे. अंगणाच्या घरातून एका खोलीत जायचे म्हटले, की माणसाला आपल्या संकोचाबरोबर कुत्र्याचाही संकोच जाणवू लागतो, पण कुत्रा चौरस फुटांत राहत नाही. तो माणसांच्या ये-जा करण्याच्या वेळांत राहतो. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी बांधलेल्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील कुत्री मी पाहिली आहेत. घरे लहान, दारापुढची जागा बेताची, पण बाई सकाळपासून सूप मांडीवर घेऊन दारात बसलेली असते आणि कुत्रा तिच्या पायाशी पसरलेला असतो. त्यांच्यात मला पंजे चाटून चाटून जखमा करून घेतलेले किंवा दार खरवडणारे कुत्रे क्वचितच दिसले. ते आजार मी अधिक पाहतो ते मोठ्या बंगल्यांत, जिथे नवरा-बायको दोघेही सकाळी नऊला बाहेर पडतात आणि कुत्रा मागच्या जाळीत दहा तास एकटा असतो. त्या दृष्टीने तुमच्या सासूबाईंची खोली वाईट नाही; तिथे दिवसभर माणूस आहे. एक गोष्ट मात्र सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, ती म्हणजे विडीची तंबाखू कुत्र्याच्या तोंडाला लागता कामा नये. थोडी तंबाखू पोटात गेली तरी लाळ गळणे, उलट्या, थरथर आणि पुढे झटके, हा सारा प्रकार तासाभरात होऊ शकतो. सूप आणि तंबाखूचा डबा उंचावर ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

दुसरी आणि खरी अडचण पत्र्याची आहे. एप्रिलअखेर तुम्ही तिथे जाणार, म्हणजे सोलापूरचा उन्हाळा ऐन भरात असताना. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असला, की पत्र्याखालची हवा दुपारी त्याहूनही तापते. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच ३८.५ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे आणि तोंडातली, श्वासमार्गातली ओल वाफ होऊन जाणे, एवढाच त्याचा मुख्य मार्ग. भोवतालची हवा शरीराहून गरम झाली, की उष्णता बाहेर टाकण्यासाठी हा एकच मार्ग उरतो, आणि त्याला पाणी फार लागते. सोलापूरची मेमधली हवा कोरडी असते, म्हणून तो मार्ग निदान चालू तरी राहतो; जूनमध्ये पाऊस लांबला आणि हवेत दमटपणा आला, की तोही मंदावतो. उष्माघाताचे रुग्ण माझ्याकडे मेच्या शेवटापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत सर्वांत जास्त येतात, याचे कारण हेच आहे.

आता या खोलीत मोती आणि ब्राउनी यांना शेजारी बसवून पाहा. मोतीचे वजन तेरा-चौदा किलो असावे, अंगावरचे केस आखूड, शरीर सडपातळ, आणि त्याच्या पिढ्यांनी हेच ऊन काढलेले आहे. ब्राउनी तीस किलोच्या घरात असेल, तिच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत, आणि लॅब्रॅडॉरमध्ये नेहमी दिसते तशी थोडी चरबीही असेल. ही जात थंड पाण्यात पोहून शिकार उचलून आणण्यासाठी घडवलेली आहे. पत्र्याखालच्या दुपारी तुमच्या दोन कुत्र्यांपैकी कुणाचा जीव आधी धोक्यात येईल, हे सांगायला डॉक्टरची गरज नाही. तरीही अंदाजावर जाऊ नका. साधा भिंतीवरचा तापमापक घेऊन तो सासूबाईंच्या खोलीत जमिनीपासून हातभर उंचीवर टांगा आणि मार्चच्या एखाद्या कडक दिवशी दुपारी तीनला वाचा. मार्चमध्येच तो ३८ दाखवू लागला, तर ब्राउनीने मे तिथे काढू नये. मोतीसाठी मात्र उपाय करता येतात : पत्र्यावर वरून चुन्याचे दोन हात द्या, शक्य असेल तर आतून बारदानाचे किंवा थर्माकोलचे छत करा, फरशीचा एक कोपरा ओला ठेवा, आणि दुपारी दार उघडे ठेवून वारा खेळता ठेवा. कूलर असेल तर कोरड्या मेमध्ये तो उत्तम काम देतो. फिरवणे पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. दुपारच्या डांबरी रस्त्यावर तळहात पाच सेकंद टेकवून पाहिलात, म्हणजे पंज्यांचे काय होत असेल ते कळेल. मोतीची धाप थांबेनाशी झाली, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या किंवा चाल अडखळू लागली, तर आधी साधे पाणी पोट, जांघा आणि पंज्यांवर ओतत पंख्याखाली घ्या आणि मग दवाखान्याकडे निघा. पाणी न ओतता रिक्षात घालून आणलेल्या कुत्र्यांपैकी काही माझ्या पायऱ्यांवरच गेली आहेत.

'गावठी आहे, जगेल' या वाक्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ते मी इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे, की त्यांना दुष्ट म्हणणे मला जमत नाही. त्यांच्या समजुतीत चूक एवढीच आहे, की ते जातीला आयुष्याचा अनुभव समजतात. रस्त्यावर वाढलेला गावठी कुत्रा कोणत्या गल्लीत पाय ठेवायचा नाही, कोणत्या हॉटेलच्या मागे किती वाजता उष्टे पडते, ट्रकच्या कोणत्या बाजूने पळायचे, हे पिल्लू असल्यापासून शिकलेला असतो. आणि शिकता शिकता त्याची बहुतेक भावंडे मेलेली असतात. मोती नऊ वर्षे तुमच्या अंगणात झोपला आहे. त्याला वनविहाराजवळ सोडले, तर पहिल्याच रात्री तिथली टोळी त्याला फाडेल, किंवा तो विजापूर रोडवरच्या जुन्या घराकडे परतेल आणि बंद फाटकापुढे बसून राहील. दोन्ही प्रकारचे कुत्रे मी टाके घालण्यासाठी आणि सलाइन लावण्यासाठी टेबलावर घेतले आहेत.

शहराबाहेर माळावर सोडण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. सोलापूरच्या भोवतालचे माळरान म्हणजे रिकामी जागा नव्हे. नान्नजचे माळढोक अभयारण्य याच माळावर आहे; तिथे काळवीट आहेत, लांडगे आहेत, खोकड आहेत. सोडलेली कुत्री तिथे काळविटांच्या पाडसांमागे लागतात, आणि लस न टोचलेल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर आणि रेबीज हे रोग लांडग्या-खोकडांपर्यंत पोचू शकतात. कायद्याचे म्हणाल, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, याच्या कलम ११ प्रमाणे उपासमारीने किंवा तहानेने प्राण्याला यातना होतील अशा परिस्थितीत त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये एवढाच असल्यामुळे कुणी त्याला भीत नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून मी कुणाला कायद्याचा धाक घालत नाही, टाके घातलेल्या कुत्र्यांची हकिकत सांगतो.

मोतीला ठेवायचे दुसरे कारण व्यवहाराचे आहे. नऊ वर्षांचा गावठी कुत्रा कुणीही घेत नाही. इतक्या वर्षांत अशा वयाची जी गावठी कुत्री मला दुसऱ्या घरी देता आली, ती एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली बहुतेक शेजाऱ्यांनी किंवा नात्यातल्या माणसांनी घेतली, ज्यांना कुत्रा आधीपासून माहीत होता. ब्राउनीला मात्र तुम्ही शब्द टाकलात तर आठवड्यात दहा फोन येतील. म्हणजे एकाला फक्त तुम्ही आहात आणि दुसरीला निवड आहे. ज्याला निवड नाही त्याच्याजवळ आपण राहावे, असे मला वाटते. दोघांची सवय आहे, त्यांना वेगळे कसे करावे, असाही प्रश्न तुमच्या मनात असेल. एखादा कुत्रा आंधळा असेल आणि दुसऱ्याच्या आधाराने हिंडत असेल, तर मी दोघांना वेगळे करू देत नाही. एरवी दोघांना एकत्रच देण्याचा हट्ट धरणाऱ्या घरांत शेवटी दोघांचेही हाल झालेले मी पाहिले आहेत. दोघे काही दिवस मलूल राहतील, जेवण कमी होईल, आणि माणसांचा दिनक्रम स्थिर असेल तर बहुधा तीन-चार आठवड्यांत सावरतील.

खर्चाकडे वळू. मिळकत थांबली आहे, तेव्हा पाकिटातले खाद्य बंद करण्याची लाज वाटून घेऊ नका. मोतीच्या वजनाच्या, बेताने हिंडणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण सातशे-आठशे कॅलरी पुरतात. मध्यम आकाराच्या अडीच ज्वारीच्या भाकरी ताकात किंवा पातळ वरणात कुस्करून आणि सोबत दोन उकडलेली अंडी, एवढ्यात ते भागते. आठवड्यातून दोनदा अंड्यांऐवजी कोंबडीचे काळीज-पेटा किंवा मान घ्या, उकडा, आणि हाडे काढून टाका, कारण शिजवलेल्या हाडांचे तुकडे आतड्यात रुततात. आपल्या घरची कडक भाकरी त्याला चालते. शेंगाचटणी चालत नाही, कारण तीत लसूण आणि तिखट दोन्ही असते. कांदा-लसणाचे कालवण, चॉकलेट, आणि आपल्या जिल्ह्यात मुबलक मिळणारी द्राक्षे व बेदाणे यांना पूर्ण बंदी. ब्राउनीला याच्या दीडपट ते दुप्पट अन्न लागते, आणि खरी ओढाताण पाण्याची होते. तीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला दीड-दोन लिटर आणि मेमध्ये त्याहून बरेच अधिक पिण्याचे पाणी लागते, अंग ओले करण्याचे वेगळे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात, एका बॅरलवर चार माणसे असताना, त्या पाण्यावरून घरात शब्दाला शब्द लागतो. हे मी कल्पनेने लिहीत नाही.

दवाखान्याच्या खर्चापैकी टाळता न येणारे दोनच आहेत : वर्षाची रेबीजची लस आणि गोचिडांचा बंदोबस्त. शासनाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र शुल्कात तपासणी होते; तिथे जाण्यात कमीपणा मानणारे लोक पुढे गोचीड तापासाठी खासगी दवाखान्यात त्याच्या कितीतरी पट पैसे मोजतात. पूर्व भागातील एकमेकांना चिकटलेल्या खोल्यांत, भिंतींच्या फटींत गोचीड फार असते. जायच्या आधी त्या खोलीच्या फटी सिमेंटने बुजवून घ्या.

आता ब्राउनी. तिच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, तिला ठरावीक मुदतीसाठी कुणाकडे ठेवायचे आणि घर स्थिरावल्यावर परत आणायचे. दुसरी, कायमचे घर पाहून द्यायचे. कोणती घ्यायची हे तुमच्या प्रेमावर ठरवू नका. तुमच्या अडचणीला शेवटची तारीख आहे का, यावर ठरवा. दुसऱ्या कारखान्यात काम जवळपास ठरले आहे आणि दिवाळीनंतर वेगळे घर घ्यायचे आहे, अशी स्थिती असेल, तर मुदतीची ठेव योग्य. 'बघू, काहीतरी होईल' अशी स्थिती असेल, तर ब्राउनीला आणि तिला ठेवून घेणाऱ्याला, दोघांनाही टांगणीला लावू नका. मुदतीने ठेवायचे झाल्यास साध्या कागदावर चार गोष्टी लिहून दोघांच्या सह्या करा : कोणत्या तारखेपर्यंत, खाण्याचा आणि औषधाचा खर्च कुणाचा, अचानक आजारी पडली आणि तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कुणाचा, आणि तारीख उलटून गेल्यास कुत्री कुणाची. शेवटचे कलम लिहिताना मंडळी संकोचतात. ते न लिहिल्यामुळे सख्ख्या साडूंचे बोलणे बंद झालेले मला माहीत आहे.

वाट कोणतीही असो, ब्राउनीची नसबंदी तुमच्या हातून, तुमच्या घरात असताना झाली पाहिजे. यात मी तडजोड करीत नाही. तीन वर्षांची, नसबंदी न झालेली लॅब्रॅडॉर मादी म्हटल्यावर येणाऱ्या दहा फोनांपैकी काही फोन पिल्लांचा धंदा करणाऱ्यांचे असतील, आणि ते अगदी गोड बोलतील, फोटो मागतील, 'आमच्याकडे फार्महाऊस आहे' म्हणतील. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत, त्यांत नोंदणी सक्तीची आहे. प्रत्यक्षात एखाद्या मागच्या खोलीत, प्रत्येक माजाला पिल्ले काढत ती मादी सात-आठ वर्षांची होईपर्यंत झिजते. नसबंदी झालेली आहे एवढे सांगितले, की धंदेवाल्यांचे फोन आपोआप बंद होतात. गाळणी म्हणून याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही.

गाळणीचे महत्त्व मी चूक करून शिकलो, हेही सांगितले पाहिजे. दवाखाना सुरू करून तीन-चार वर्षे झाली असतील. बदली झालेल्या एका कुटुंबाची लॅब्रॅडॉर मी दोन दिवसांत एका बागायतदारांना देऊन टाकली; माणूस सभ्य, बोलणे आदबीचे, डाळिंबाची मोठी बाग. घर पाहायला मी गेलो नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो, तर ती मोटारीच्या शेडजवळ हातभर साखळीला बांधलेली होती, वजन उतरलेले, मानेला पट्ट्याने जखम, आणि मालकांची तक्रार अशी, की ही भुंकतच नाही, राखण काय करणार. त्यांनी तिला मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते. त्यांना राखणीचा कुत्रा हवा होता आणि मी त्यांना माणसांवाचून न राहणारी कुत्री दिली होती. दोष माझा होता. तिला परत आणले, पण त्यानंतर घर पाहिल्याशिवाय मी एकही कुत्रा दिलेला नाही.

घर पाहायला दुपारी दोनला जा. सकाळी गेलात तर प्रत्येक अंगणात सावली असते. दोन वाजता कुत्रा कुठे बसेल ते दाखवा, असे सांगा. पूर्वी कुत्रा होता का, आणि त्याचे पुढे काय झाले, हे विचारा; 'कुठेतरी निघून गेला' हे उत्तर एकदा ऐकले तर विचार करा, दोन कुत्र्यांच्या बाबतीत ऐकले तर चहा घेऊन उठा. हौस तरुण मुलाची असते, पण जेवण घालणार कोण हे विचारले, की सारे स्वयंपाकघराकडे पाहतात. तेव्हा त्या बाईंशी किंवा आजींशी बोला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली तर मुलाच्या उत्साहाला भुलू नका. पहिले पंधरा दिवस चाचणीचे ठरवा, त्या काळात कोणतेही कारण न विचारता कुत्री परत घेण्याची तयारी ठेवा. ब्राउनीच्या खोडी लपवू नका. ती फटाक्यांना घाबरून बाथरूममध्ये शिरत असेल, चपला चावत असेल, तर ते आधी सांगितल्याने एखादे घर जाईल, पण न सांगितल्याने कुत्री परत येईल, आणि तेव्हा तुम्ही पत्र्याखाली असाल. कायमचे दिल्यावर पहिला महिनाभर भेटायला जाऊ नका; फोनवर चौकशी करा. मुदतीने ठेवले असेल तर मात्र आठवड्याला जाण्यास हरकत नाही.

मोतीच्या स्थलांतराला तयारी लागते. एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी नाही जमले तरी आठवड्यातून तीन-चारदा त्याला सासूबाईंच्या गल्लीत न्या, तिथल्या कुत्र्यांना दुरून त्याची ओळख होऊ द्या, खोलीत त्याला तिथेच जेवण द्या. सामान हलवण्याच्या दिवशी त्याला शेजाऱ्यांकडे ठेवा आणि सगळे लागल्यावर शेवटी न्या. त्याचे अंथरूण धुऊ नका. नव्या जागेत जुना वास हाच त्याचा पत्ता असतो. पहिला महिना त्याला एक मिनिटही मोकळे सोडू नका, कारण गावठी कुत्रे जुन्या घराची वाट धरतात, आणि पूर्व भागातून विजापूर रोडकडे जाताना वाटेत सात रस्ता चौकाची वाहतूक पडते. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरलेली चकती असू द्या. तो रात्री भुंकेल. पहिल्या आठवड्यात शेजारच्या चार घरी जाऊन आपण होऊन सांगून या, की नवीन जागा आहे, पंधरा दिवस सांभाळून घ्या. लोक भुंकण्याने जितके चिडतात, त्याहून अधिक न विचारल्याने चिडतात.

पुढे-मागे भाड्याचे घर घ्याल, तेव्हा दोन बाबी वेगळ्या ठेवा. गृहनिर्माण संस्थेला सभासदांच्या बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे; पण एखाद्या घरमालकाने कुत्रा असलेल्या भाडेकरूला घर नाकारले, तर त्याच्यावर सक्ती करता येत नाही. तिथे बोलणी उपयोगी पडतात. लसीकरणाची वही बरोबर न्या, मोतीलाही न्या, थोडे अधिक डिपॉझिट देऊ करा, आणि कुत्रा आहे ही गोष्ट नोंदणीकृत भाडेकरारात लिहून घ्या, कारण तोंडी 'चालेल' म्हणणारे मालक वरच्या मजल्यावरच्या पहिल्या तक्रारीला बदलतात. काम पुण्यात मिळाले आणि मोतीला रेल्वेने न्यायचे झाले, तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे घेण्याची ऐपत नसणाऱ्यांसाठी ब्रेक व्हॅनमधला, म्हणजे गार्डच्या डब्यातला, कुत्र्यांचा पिंजरा हाच मार्ग आहे. त्याची नोंदणी पार्सल कार्यालयात आधी करावी लागते. उन्हाळ्यात दिवसाच्या गाडीने त्याला त्या पिंजऱ्यात मुळीच घालू नका. रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस बरी.

मोतीलाही द्यावे लागेल, अशी वेळ कधी येते, हेही स्पष्ट लिहितो. सासूबाईंचा मनापासून विरोध असेल तर. खोली त्यांची आहे आणि दिवसभर कुत्र्याजवळ त्याच असणार आहेत, तेव्हा त्यांची नाराजी शेवटी मोतीच्या ताटात उतरते. तुम्हा दोघांनाही कामासाठी दुसऱ्या गावी जावे लागले तर. मुलीच्या किंवा कुणाच्या जेवणात कपात करून कुत्रा पोसण्याची वेळ आली तर. यांपैकी काही घडले, तर विजापूर रोडवरच्या त्याच गल्लीत, त्याला नऊ वर्षे पाहणाऱ्या घरांपासून विचारायला सुरुवात करा. रखवालदार, दूधवाले, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले यांनाही विचारा. महिन्याला त्याच्या खाण्याचे थोडे पैसे तुम्ही पाठवत राहिलात, तर नकाराचा होकार होतो. तो आता नऊ वर्षांचा आहे. ओळखीच्या गल्लीत, ओळखीच्या माणसांत उरलेली वर्षे गेली तर त्याचे फार बिघडणार नाही.

स्वार्थाविषयी तुम्ही विचारलेत. माझ्या पाहण्यात, कुत्र्याला ठेवणाऱ्यांत स्वार्थी असतात तसे देणाऱ्यांतही असतात, आणि अडचणीतल्या माणसाला त्याच्या कुत्र्यामुळे सकाळी उठून बाहेर पडण्याचे एक कारण मिळते, ही गोष्ट मी बंद पडलेल्या मागांच्या गल्ल्यांतून पुष्कळदा पाहिली आहे. तो आधार घेण्यात मला काही गैर वाटत नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा तीन वाजता पत्र्याखाली धापा टाकणाऱ्या ब्राउनीकडे पाहून आपण 'तिला आमच्याशिवाय करमत नाही' असे म्हणतो. मुलीला यातले सर्व सांगा. ब्राउनीला शेतावर फिरायला पाठवले आहे, अशी थाप मारू नका. अकरा वर्षांची मुले ती ओळखतात. तिला घर पाहायला बरोबर न्या. सावली कुठे आहे, हा प्रश्न तीच विचारील.

कामाचा क्रम असा ठेवा. ब्राउनी शेवटची माजावर कधी आली होती ते आठवून लिहून ठेवा. माज संपून दोन-तीन महिने झाले असतील तर शस्त्रक्रिया मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरकता येईल, टाके महिनाअखेरीस सुकतील आणि एप्रिल चाचणीसाठी मोकळा राहील. ती सध्याच माजावर असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागेल आणि तोवर तिला कायमचे कुणाकडेही देऊ नका. अशा वेळी मे महिन्यापुरती एखाद्या सिमेंटच्या छताच्या घरी, ओळखीत, तिची सोय पाहा. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासून घ्या, कारण आपल्याकडे गोचीड ताप अंगात लपलेला असतो, त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि टेबलावर रक्तस्राव थांबत नाही. आदल्या रात्री आठनंतर तिला खायला देऊ नका, पाणी पहाटेपर्यंत चालेल. मोतीलाही त्याच दिवशी घेऊन या; नऊ वर्षांच्या कुत्र्याचे दात आणि मूत्रपिंडे एकदा पाहून घ्यायला हवीत. दोघांच्या लसीकरणाच्या वह्या सामानाच्या खोक्यात बांधल्या जाण्याआधी बाहेर काढून ठेवा.